विहार पाडायच्या आधी पाहिलेल्या इमारती

आमच्या गावचा विहार पाडायचा आणि त्या जागी कमळाच्या आकाराचा नवा बांधायचा, असं कमिटीनं ठरवलं. ठरवलं म्हणजे मला सोडून बाकी सगळ्यांनी. जुना विहार मी बांधलेला आहे. चाळीस वर्षांमागं, पाया खणण्यापासून स्लॅब टाकेपर्यंत. त्यामुळं मिस्त्रीची सही झाल्याशिवाय ठराव पुढं न्यायचा नाही, एवढी लाज त्या लोकांनी ठेवली. आणि मी सही देत नव्हतो.

कमिटीचे सचिव आमच्या शाळेचे गुरुजी. ते एक दिवस म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही बिलोली तालुक्याच्या बाहेरचं बांधकाम पाहिलंय कुठं? चला, चार नावाजलेल्या इमारती पाहून येऊ. मग खुशाल न्हाई म्हणा."

मी म्हणालो, "भूकंपानंतर किल्लारीकडं दोन वर्षं घरं बांधली, तेव्हा तुम्ही पाटीवर रेघोट्या मारत व्हता." पण गेलो. नाही म्हणायला जायचं असेल तर मी कुठंही जातो.

आम्ही तिघं होतो. मी, गुरुजी, आणि महिला मंडळाची अध्यक्ष विमल. ती अंगणवाडीतून रिटायर झालेली, गावच्या नात्यानं माझी सून लागते. भादवा चालू होता. वर्षावासात आमच्या विहारात रोज ग्रंथाचं वाचन असतं आणि ते विमल करते. तीन दिवस वाचन दुसरीच्या हातात जाणार म्हणून ती कुरकुरत गाडीत बसली.

मी चौथी शिकलो. शुद्धलेखन गुरुजींनी तपासलं आहे, मजकुराला हात लावू दिलेला नाही. जे आले नाहीत त्यांच्यासाठी लिहून राहिलो, म्हणजे पुन्हा कोणी मला इमारत शिकवायला येऊ नये.

नांदेड

नांदेडात गुरुजींच्या मेव्हण्यानं नवा बंगला बांधला आहे. तो आधी पाहा म्हणून गुरुजी मागं लागले. दारात चार खांब, पांढरेफेक, दोन माणसांच्या मिठीत मावणार नाहीत एवढे, वर फुलापानांची नक्षी. मेव्हणा म्हणाला, "रोमन स्टाइल हाय, मामा."

मी बोटाच्या पेरानं ठोकलं. तेलाचा रिकामा डबा वाजावा तसा खांब वाजला.

"आत काय हाय?"

"आत लोखंडी पाईप हाय. वजन सगळं पाईपवर. हे वरून शोसाठी."

"मग पाईपच दाखवायचा व्हता. त्याची लाज कशाची वाटून राहिली?"

मेव्हण्याची बायको चहाचा ट्रे घेऊन दारापर्यंत आली होती, ती तशीच आत गेली. चहा काही आला नाही. गाडीत गुरुजी म्हणाले, "मामा, पाव्हण्याच्या दारात तरी तोंड आवरायचं व्हतं." मी विचारलं, घर पाहायला आणलं होतं की चहा प्यायला. तसे नांदेडच्या नव्या वस्त्यांतले सगळे बंगले मी रस्त्यानं पाहत आलो. एकालाही छपरी नाही. दारात उभं राहून माणूस दोन शब्द बोलेल म्हटलं, तर ऊन डोक्यावर आणि पाऊस उंबऱ्यात. आमच्याकडं गरिबातल्या गरिबाच्या दारापुढं चार पत्रे तरी असतात, आल्या-गेल्याला टेकायला. यांच्याकडं येतंच नाही कोणी, असं दिसतं.

तिथून गुरुद्वाऱ्यात गेलो. डोक्याला रुमाल बांधला, पाय धुतले आणि संगमरवराचे सांधे पाहत निघालो. एका सांध्यात नख घालून पाहिलं. गेलं नाही. दुसऱ्यात पाहिलं, तिथंही नाही. कोपरे पाहिले, पायऱ्यांच्या कडा पाहिल्या, कळसाकडं मान दुखेपर्यंत पाहिलं. दोष काढायला तासभर फिरलो आणि एक सापडला नाही, म्हणून लंगरमध्ये जाऊन बसलो.

लंगरची दाळ आमच्या वरणासारखी नसते. घट्ट, काळपट, चमचा उभा राहील अशी. सोबत गव्हाची रोटी. ज्वारीची भाकर खाणाऱ्या माणसाला ती रोटी म्हणजे कापूस, पण दाळ दोनदा घेतली. मी घास हातात धरून वरच्या छताचं काम बघत होतो, तर वाढणारा म्हातारा सरदार माझ्यापुढं थांबला.

"बाबाजी, छत खाते क्या? रोटी ठंडी हो री."

विमल पदरात तोंड घालून हसली. मग म्हणाली, "काय मिस्त्री, इथं काय खोट काढली?"

"पोट भरल्यावर सांगतो."

"म्हणजे न्हाई निघाली."

मी दाळ तिसऱ्यांदा मागितली.

लातूर

लातूर मला कधीच आवडलं नाही. दाळमिलीचा वास, भुश्श्याची धूळ, आणि आता त्यात क्लासची पोरं. जिकडं पाहावं तिकडं पाठीला दप्तर आणि भिंतीला पहिल्या आलेल्यांचे फोटो. भूकंपानं या जिल्ह्यातली घरं पाडली, तेव्हा वाटलं होतं की इथला माणूस आता बांधण्याआधी दहादा विचार करील. पाहतो तर मोठ्या रस्त्याला नुसत्या काचा. एक इमारत वरपासून खालपर्यंत निळ्या काचेची. लातूरचं ऊन, त्याला काच, आणि आत एसी. म्हणजे आधी खोलीत चूल पेटवायची आणि मग पंख्यानं वारा घालत बसायचं.

गंजगोलाई मात्र पाहण्यासारखी आहे, हे कबूल करतो, कारण ती मी आधीच पाहिली होती. सोळा रस्ते येऊन मिळतात आणि मधोमध गोल इमारत. सरळ भिंत कोणीही चढवील. गोल भिंत चढवायची म्हणजे मधल्या खुंटीला दोरी बांधून प्रत्येक थर फिरवून बघावा लागतो, एक वीट रुसली की सगळा गोल रुसतो. हे मी रस्त्यात उभा राहून गुरुजींना समजावत होतो, तर मागून ऑटोवाला म्हणाला, "ओ काका, सोळा रस्ते हायत. एखादा तरी आमच्यासाठी सोडा."

आमचं कमळ काढणारी आर्किटेक्ट लातूरची. नाव अस्मिता, वय माझ्या नातीएवढं. ऑफिसात गेल्या गेल्या म्हणाली, "या, आजोबा, बसा."

"मिस्त्री म्हण. आजोबा घरच्यांसाठी हाय."

"बरं, मिस्त्री. मग तुम्ही मला मॅडम म्हणा."

पोरगी तिखट आहे, एवढं लिहून ठेवतो.

तिनं आधी तिची एक इमारत दाखवायला नेलं. एका दाळमिलवाल्याचं ऑफिस. लाल विटांचं, बुटकं, पोट सुटलेलं, अंगभर भोकं. मी विचारलं हे काय आहे. ती म्हणाली, "वारूळ. वाळवी वारूळ कसं करते बघा, खालून गार हवा आत येते आणि वरच्या भोकांतून गरम हवा निघून जाते. निसर्गाकडून शिकलोय."

"वाळवीकडून बांधकाम शिकलीस? जी खांब खाते तिच्याकडून?"

"ती आपला खांब खाते, मिस्त्री. स्वतःचं घर पडू देत न्हाई."

"वारुळात साप राहतो."

"म्हणून भोकांना जाळी लावलीय."

गुरुजी खोकल्याचं सोंग करत होते. आम्ही आत जाऊन बसलो. दाळमिलवाला भला माणूस, त्यानं भाजलेली तूर आणि गूळ दिला, वर ताक. ऑफिसात पंखा बंद होता, बाहेर उकाडा मी म्हणत होता, आणि अर्ध्या तासात माझ्या पाठीवरचा सदरा वाळला. ते मी त्या दिवशी कोणाला सांगितलं नाही. इथंच पहिल्यांदा लिहून राहिलो.

मग कमळाचं चित्र. कॉम्प्युटरवर ते चारी बाजूंनी फिरत होतं. आठ पाकळ्या, गुलाबी, मधे घुमट. पाकळ्या बाहेर झुकून भिंतीवर सावली धरणार, म्हणजे छज्ज्याचं काम त्याच करणार. चित्र गोजिरवाणं होतं. लग्नाच्या पत्रिकेवर छापायला हरकत नाही. मी म्हणालो, "कमळ चिखलात उगवतं हे आम्हाला म्हायती हाय. पण खरं कमळ पाऊस अंगावर थांबू देत न्हाई. तुझ्या पाकळ्या म्हणजे आठ वाडगी. पाणी कुठून जाणार?"

तिनं पाकळीच्या मुळाशी भोक दाखवलं, भोकातून पाईप, पाईप खांबाच्या आतून खाली. मी विचारलं, पाईप तुंबला तर. ती म्हणाली, दर मे महिन्यात साफ करायचा. मी म्हणालो, आमच्या गावात मे महिन्यात माणसं लग्नं उरकतात, पाईप साफ करत नाहीत.

"तुमच्या विहाराचं पाणी कसं जातं, मिस्त्री?"

मी ताठ बसलो. "ढाळ दिलाय. उगवतीला नळी. चाळीस वर्षं झाली, एक थेंब आत न्हाई."

गुरुजी कॉम्प्युटरकडं बघायला लागले. विमल म्हणाली, "मॅडम, बाथरूम कुठं हाय?"

मी समजलो, मॅडम हरली आणि हे दोघं ओशाळले.

उदगीर

तिसऱ्या दिवशी परत निघालो ते उदगीर, देगलूरवरून. उदगीरला सकाळी सुशीला खाल्ला. चुरमुऱ्याचा आमच्याकडंही करतात, पण इथल्या हॉटेलवालीनं शेंगदाण्याचा कूट हात राखून घातला होता. ती आतल्या बाईशी कानडीत बोलत होती, आमच्याशी मराठीत, आणि नवऱ्याला उर्दूत झापत होती.

किल्ला पाहिला. बुरुजाचा दगड असा बसवलाय की सुरी सरकणार नाही. आणि त्या दगडावर आजकालच्या शहाण्यांनी बदाम काढून, मधे बाण घालून आपापली नावं कोरली आहेत. एकानं तर नावाखाली शिक्षणही लिहिलं आहे. दगड घडवणारानं कुठं नाव टाकलेलं मला दिसलं नाही. गुरुजी म्हणाले, "तुमचं नाव तर विहाराच्या पायरीवर हाय की." मी म्हणालो, ते माझं मी टाकलं नाही, लोकांनी टाकायला लावलं. तसं कोणी लावलं नव्हतं, हेही खरं आहे.

होट्टल

देगलूरच्या अलीकडं-पलीकडं करत होट्टलला पोचलो. तिथली दगडी देवळं चालुक्यांच्या काळातली, असं गुरुजी पाटी न वाचता सांगत होते. माझं देवाशी काही काम नाही. दगडाशी आहे. भिंतीवरल्या बायका आरसा बघून राहिल्या, कोणी पायातला काटा काढून राहिली, आणि सगळ्यांची नाकं कोणीतरी फोडलेली. मी नेहमीप्रमाणं पायापासून बघायला सुरुवात केली, तेवढ्यात पाऊस आला. आडवा, मोठ्या थेंबाचा. आम्ही तिघं छज्ज्याखाली भिंतीला पाठ लावून उभे राहिलो.

पाव तास झाला. छज्ज्याच्या काठावरून पागोळ्यांची माळ लागली होती. पायापुढं चर पडला. माझा सदरा मात्र पाठीकडून कोरडा. मागं हात नेऊन पाहिलं, भिंत कोरडी. कोपऱ्यापर्यंत हात फिरवत गेलो, सगळी कोरडी. मग मान वर करून छज्जा खालून बघितला.

काठापासून दोन बोटं आत, खालच्या अंगाला, एक खाच होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोट बसेल एवढी. पाणी काठावरून खाली येतं तेव्हा सगळंच टपकत नाही. थोडं छज्ज्याच्या पोटाला चिकटून मागं भिंतीकडं सरकतं. खाच आली की त्याला पुढं जाता येत नाही, तिथंच गळून पडतं. एवढीच करामत.

ही करामत मला नवी नव्हती. माझे उस्ताद करीममियाँ, बिलोलीचे. ते प्रत्येक छज्ज्याला खाच काढायला लावायचे. म्हणायचे, "नाली डाल रे. पानी को वापस आने नक्को दे." मी शेकडो छज्ज्यांना काढली असेल.

विहाराच्या काढली नाही. का नाही, ते चांगलं आठवतं. धम्मचक्र दिनाला उद्घाटन ठरलेलं, बाहेरगावचे पाहुणे येणार होते. छज्ज्याचं पोट मी सिमेंटनं घोटून आरशासारखं केलं होतं. लोक खाली उभे राहून वर बघत, वा मिस्त्री म्हणत. त्यात खाच पाडायची म्हणजे नव्या लुगड्याला भोक पाडणं. उस्तादांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, नंतर काढतो.

मी बोट त्या दगडी खाचेत घालून उभा होतो. विमल म्हणाली, "काय हाय तिथं, मिस्त्री?"

मी सांगितलं. एरवी मी बांधकामाचं बोलायला लागलो की ती हाव हाव म्हणत दुसरीकडं बघते. आज नीट ऐकलं. मग विचारलं, "ही खाच आपल्या विहाराला न्हाई का?"

"न्हाई."

"म्हणून व्हय."

"म्हणून काय?"

गुरुजी घाईनं म्हणाले, "विमलताई, पाऊस थांबून राहिला. चला गाडीत."

"थांबा, गुरुजी. कधी तरी सांगायचंच हाय." ती माझ्याकडं न बघता पावसाकडं बघत बोलली. "मिस्त्री, आपली उगवतीची भिंत भिजते. लई वर्षं झाली. वाचनाला बसलो की आम्ही बाया मावळतीकडं सरकून बसतो. ग्रंथाचं कपाट दोन हात पुढं घेतलंय. भिंतीला निळा पडदा हाय न, तो डाग झाकायला हाय."

"तो पडदा माझ्या बायकोनं शिवलाय."

"हाव. मामीनंच शिवला. मामीच म्हणल्या, ह्यांना कळू देऊ नका."

माझी बायको जाऊन नऊ वर्षं झाली. तो पडदा तिनं शोभेसाठी केला असं मी समजत होतो, आणि चारचौघांत सांगतही होतो.

"मला सांगायला काय तोंड शिवलं व्हतं का सगळ्यांचं?"

"बळीरामतात्यानं फरशीचं सांगितलं व्हतं एकदा," विमल म्हणाली. "त्याचं काय झालं ते गावानं पाहिलं."

बळीराम माझा चुलतभाऊ. त्यानं एकदा चारचौघांत म्हटलं, की विहाराची फरशी एका अंगाला उतरलीय. मी त्याच्या दाराची पायरी पुन्हा चढलो नाही. त्याच्या पोरीच्या लग्नातही नाही. त्याला मातीही मी लांबूनच दिली.

गाडीत ड्रायव्हरनं मोठ्यानं गाणं लावलं. मी बंद कर म्हणालो नाही, तेव्हा गुरुजी घाबरले आणि मला पाणी दिलं.

गाव

गावात आल्यावर घरी न जाता विहारात गेलो. वाचन नुकतंच संपलं होतं, बाया सतरंजी गुंडाळत होत्या, मावळतीच्या बाजूची. मला बघून उभ्या राहिल्या. मी पडदा बाजूला केला. भिंत काळी, पोपडे सुटलेले. पेरानं ठोकत वर वर गेलो, स्टूल मागवून स्लॅबच्या कडेपर्यंत गेलो. पोकळ. एका ठिकाणी छिन्नी लावली तर हाताएवढा तुकडा खाली आला आणि आतली सळई दिसली. गंजून फुगलेली. चाळीस पावसाळ्यांचं पाणी तिच्यात गेलेलं. आता खाच काढून भागणार नव्हतं. ही भिंत कधी तरी वाचणाऱ्या बाईच्या डोक्यावर आली असती.

दुसऱ्या दिवशी बैठक बोलवा म्हणून मीच सांगितलं. सगळे आले, कारण मिस्त्री भांडणार अशी बातमी होती. मी उभा राहून म्हणालो, "उगवतीची भिंत भिजते. चूक माझी हाय."

मागून एक म्हातारी म्हणाली, "आम्हाला म्हायती हाय, बाबा. खाली बस."

सगळे हसले. बळीरामचा थोरला पोरगा दाराशी उभा होता, तो हसला नाही. बैठक संपल्यावर मी त्याच्याकडं गेलो आणि म्हणालो, "तुझा बाप खोटं बोलला नव्हता. फरशी उतरलीय." तो म्हणाला, "चला, चहा घ्यायला." त्या दारात मी अठ्ठावीस वर्षांनी गेलो.

सही करायच्या आधी लातूरला फोन लावायला सांगितला. मॅडमला म्हणालो, "तुझ्या पाकळ्या खालून गुळगुळीत हायत. काठापासून दोन बोटं आत खाच पाहिजे. आठीच्या आठी पाकळ्यांना."

ती म्हणाली, "ते नंतर येतं, मिस्त्री, डिटेलच्या ड्रॉइंगमध्ये."

"मी पण नंतर म्हणालो व्हतो. आज काढून पाठव, मग सही करतो."

संध्याकाळी कागद आला. खाच होती. कमळ मला अजून आवडलेलं नाही, ते केक कापल्यासारखं दिसतं, आणि हे मी मरेपर्यंत म्हणणार. पण सही केली.

मूर्ती आणि ग्रंथ वंदना करून शाळेच्या खोलीत नेले आणि ज्या दिवशी पाडायचं त्या दिवशी मी खुर्ची टाकून समोर बसलो. लोक म्हणाले, मिस्त्री, तुम्ही घरी थांबा. मी थांबलो नाही. जेसीबी देगलूरची होती. उगवतीची बाजू दोन धक्क्यांत खाली आली. मग स्लॅब उतरला, उत्तरेची, दक्षिणेची भिंत गेली, पण वेळ लागला. मावळतीचा कोपरा मात्र हलेना. जेवणं झाली, ऊन उतरायला लागलं, मशीन धूर सोडत मागंपुढं करत होतं आणि कोपरा उभाच. शेवटी जेसीबीवाला खाली उतरला, गुरुजींना काही विचारलं. गुरुजींनी माझ्याकडं बोट केलं.

तो माझ्यापुढं येऊन उभा राहिला. "हे बांधलं कोणी, बाबा?"

"मी."

"लई घट्ट बांधलंय. कुठून मारू?"

मी उठलो. ढिगाऱ्यावरून वाट काढत कोपऱ्याशी गेलो. कमरेएवढ्या उंचीवर, आतल्या अंगाला, एक जागा आहे. बांधताना एका संध्याकाळी तिथं माल संपला होता आणि उरलेली भिंत दुसऱ्या दिवशी सकाळी चढवली होती, म्हणून सांधा कच्चा. ते जगात फक्त मला ठाऊक होतं. मी तिथं हात ठेवला.

"इथं मार. इथं दुसऱ्या दिवशीचं काम हाय."

तो मशीनवर चढला, दांडा उचलला आणि वरून ओरडला, "हात काढा, बाबा."

मी काढला.